एका चॉकलेटात किती मिलिग्रॅम?

बेंबळीच्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे, "शाळांजवळ गांजाची चॉकलेटं विकतात म्हणे. पण चॉकलेटात गांजा उतरतो तरी कसा?" काळजी खरी आहे. शेजारच्या तेलंगणात, रंगारेड्डी जिल्ह्यातल्या कोत्तूरमध्ये जानेवारी 2024 मध्ये अशी चॉकलेटं शाळकरी मुलांपर्यंत पोचल्याचं उघड झालं होतं.

उत्तर आपल्या चुलीवरच आहे. रश्श्यावर लाल तर्री येते, कारण मिरचीचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. गांजातलं नशेचं द्रव्य, टीएचसी, तसंच वागतं. पाण्याशी त्याचं जमत नाही, तुपाशी-लोण्याशी लगेच जमतं. म्हणून भांगेला दूध लागतं, आणि म्हणूनच चॉकलेटात ती सहज मुरते. धूर काही मिनिटांत चढतो. खाल्लेलं द्रव्य मात्र यकृतातून जातं, तिथं त्याचं आणखी जोरकस रूप बनतं आणि अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात. मोठा माणूस थांबेल. मूल तोवर पाकीट संपवतं.

मेंदूत या द्रव्यासाठी जागा का असावी? 1964 मध्ये टीएचसी वेगळं काढणारे इस्रायलचे राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेला 1992 मध्ये उत्तर सापडलं: आपला मेंदू स्वतःच त्याच कुलपाची एक किल्ली बनवतो. तिचं नाव त्यांनी ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून! मला हे नामकरण फार आवडतं. पण वाढत्या वयात याच यंत्रणेच्या आधारानं मेंदूची जोडणी चालू असते. तिच्यात बाहेरची किल्ली फिरवणं धोक्याचं, ते यासाठी.

आता कायदा. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर. भांगेला वाट मिळते ती इथून. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा तिला आवरतो, पण शेजारच्या राज्यांचे नियम वेगळे, आणि पाकिटाला सीमा कळत नाही. मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम 77 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. शिक्षा कडक आहे, पण ती मूल आजारी पडल्यानंतरची.

अमेरिकेनं वेगळीच चूक केली. 2018 च्या कायद्यानं 0.3 टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या भांगेच्या झाडाला मोकळीक दिली. टक्केवारी वाळलेल्या झाडासाठी होती. विक्रेत्यांनी ती मिठाईला लावली. 50 ग्रॅमच्या चॉकलेटात 0.3 टक्के म्हणजे 150 मिलिग्रॅम. कोलोरॅडोच्या डॉक्टरांनी 2023 मध्ये मांडलं की लहान मुलांत किलोमागे 1.7 मिलिग्रॅमच्या पुढं विषबाधा गंभीर होते. बारा किलोच्या मुलासाठी हिशेब करा: जेमतेम 20. म्हणजे 'कायदेशीर' चॉकलेटात त्याच्या सातपट! सहा वर्षांखालच्या मुलांनी खाद्यपदार्थांतून गांजा खाल्ल्याच्या नोंदी तिथल्या विषबाधा केंद्रांत 2017 मध्ये 207 होत्या, 2021 मध्ये 3,054. अखेर नोव्हेंबर 2025 मध्ये मर्यादा बदलली: एका पाकिटात 0.4 मिलिग्रॅम, अंमल वर्षभरानं.

झाडाचा भाग मोजू नका, टक्के मोजू नका, पाकिटातले मिलिग्रॅम मोजा, असं माझं मत आहे. वेष्टन कसं असावं तेही ठरवा. कॅनडातल्या विंडसरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो यांनी 1960 च्या दशकात, गोळ्या खाऊन येणाऱ्या मुलांना पाहून, दाबून फिरवायच्या झाकणाचा आग्रह धरला. त्या भागातल्या बालविषबाधा 91 टक्क्यांनी घटल्या. आज औषधाच्या बाटलीवर ते झाकण असतं, पण त्यांचं नाव कुणाला आठवत नाही.

बाईंनी शाळेत एवढं सांगावं: मूल अचानक पेंगलं, चालताना झोकांड्या खाऊ लागलं, हाक ऐकेना, तर 108 ला फोन करा, आणि हाती लागलेला कागद डॉक्टरांना दाखवा. भीतीपोटी घरचे लपवतात, मग मेंदूज्वर समजून पाठीतलं पाणी काढून तपासण्याची वेळ त्या मुलावर येते.