अडकलेला अंतर्गळ आणि साथीचा ज्वर

पोटाची भिंत एखाद्या ठिकाणीं दुबळी होऊन आतडें त्या वाटेनें बाहेर डोकावूं लागलें म्हणजे त्यास अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. जांघेंत गांठ दिसते. निजल्यावर ती आंत जाते, खोकलें कीं पुन्हां वर येते. वार्धक्यानें स्नायु सैल पडतात. जुनाट खोकला, मलावरोध, लघवीस कुंथणें यांनीं पोटांतील दाब वाढतो. लोअर परळच्या कापडगिरण्यांत उमेदीचीं वर्षें घालवून १९८२ च्या संपानंतर घरीं बसलेले अनेक कामगार आज याच वयांत आहेत. गांठ दुखत नाहीं तोंवर डॉक्टर कशाला, असें वृद्धांस वाटतें.

परंतु एखादे दिवशीं आतडें त्या अरुंद छिद्रांत अडकतें. प्रथम अशुद्ध रक्त परतणें थांबतें, आतडें सुजतें, सुजेमुळें फांस अधिकच आवळतो, आणि शेवटीं शुद्ध रक्तहि पोहोंचेनासें होतें. मग कांहीं तासांतच आतडें कुजूं लागतें.

अशा रुग्णास त्याच वेळीं विषाणूचा ज्वर असेल तर? एप्रिल २०२० मध्यें वरळी-लोअर परळचा ‘जी दक्षिण’ विभाग मुंबईंतील कोरोनाच्या रुग्णसंख्येंत अग्रभागीं होता, तेव्हां हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिला नव्हता. त्याच वर्षीं मे महिन्यांत २४ देशांतील २३५ रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. कोरोनाबाधित असतां निरनिराळ्या शस्त्रक्रिया झालेल्या १,१२८ रुग्णांपैकीं शेंकडा २३.८ तीस दिवसांच्या आंत दगावले, आणि निम्म्याहून अधिकांस फुप्फुसाचे विकार जडले. हे आंकडे लस निघण्यापूर्वींचे होत. सुजलेल्या फुप्फुसांस भुलीचा भार सोसत नाहीं आणि रक्त गोठण्याचें भय वाढतें, हीं त्याचीं कारणें.

यावरून शस्त्रक्रियाच टाळावी असा अर्थ काढणें मात्र घातक ठरेल. २०२१ सालच्या दुसऱ्या मोठ्या पाहणीनें संसर्गानंतर निदान सात आठवडे थांबावें असें सुचविलें. पण तें थांबण्याजोग्या शस्त्रक्रियांसाठीं. गुदमरलेलें आतडें सात आठवडे सोडाच, एक रात्रहि थांबत नाहीं. तेथें शल्यवैद्य शस्त्रक्रिया टाळीत नाहींत, पद्धति बदलतात. शक्य तर संपूर्ण भूल न देतां जागेवर किंवा पाठीच्या कण्यांत सुई देऊन भाग बधिर करतात; कुजलेला भाग कापून काढावा लागला तर कृत्रिम जाळी बसविण्याविषयीं सावध राहतात; नंतर प्राणवायु, खोकला आणि रक्ताच्या गुठळ्या यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात.

घरच्यांनीं एवढें ओळखावें. गांठ आंत जात नाहीं, टणक होऊन दुखते, उलट्या होतात, पोट फुगतें, वायु सरत नाहीं, हीं लक्षणें दिसतांच रुग्णास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत न्यावें. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून जवळच आहे. गांठ बळानें दाबूं नये, चोळूं नये, एरंडेल पाजूं नये, खाणेंपिणेंहि देऊं नये. ताप असल्यास तो दारांतच सांगावा, लपवूं नये. पण तो उतरण्याची वाट पाहत घरीं बसूं नये.

आणि गांठ अजून निमूटपणें आंत-बाहेर करीत असेल, तर प्रकृति ठीक असतांनाच शल्यवैद्याचा सल्ला घेणें, हेंच सर्वांत शहाणपणाचें.