पागोळ्यांच्या पाण्याचा हिशेब

• १ चौ. मीटर छपरावर १ मि.मी. पाऊस = १ लिटर पाणी.

• गच्ची १०० चौ. मीटर, वर्षाचा पाऊस ७०० मि.मी. (पुण्यात साधारण एवढा) : ७०,००० लिटर. बाष्पीभवन, गळती वजा जाता सुमारे ८० टक्के, म्हणजे ५६,००० लिटर हाती.

• साठवण : पाणी टाकीत; बागेला, धुण्याभांड्यांना. पुनर्भरण : तेच पाणी गाळून विहिरीत, बोअरवेलमध्ये किंवा शोषखड्ड्यात.

• गाळणीचे थर खालून वर : दगड, खडी, वाळू.

• पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यावं. त्यात धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा.

• टाकी झाकलेलीच हवी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो.

• तमिळनाडूत २००३ पासून सर्व इमारतींना पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सक्ती.