अंगरख्याचा बेत : पन्हा, कळी आणि चौबगला

ऐतिहासिक नाटकात किंवा शाळेच्या संमेलनात मोगल काळाचा पोशाख दाखवायचा झाला, की आजच्या मापाच्या झब्ब्याला जर लावून वेळ भागवली जाते. रंग आणि पगडी यांवर खर्च होतो. कापड कसे बेतले जात होते, याची चौकशी सहसा होत नाही. वास्तविक जुन्या पोशाखाचे वेगळेपण प्रथम त्याच्या बेतातच आहे.

आजची शिवण शरीराच्या मापापासून सुरू होते. खांद्याचा उतार आणि मुंढ्याचा गोल कागदावर आखून त्याप्रमाणे कापड कापले जाते; कापलेल्या चिंध्या वाया जातात. निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्याची पद्धत अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये रूढ केली. त्यापूर्वीच्या पुष्कळ पोशाखांची सुरुवात मात्र मागाच्या पन्ह्यापासून होत असे. हातमागावरील कापड मोलाचे असल्यामुळे ते शक्यतो सरळ रेषेत फाडून किंवा कापून तुकडे जोडले जात. टोरांटोच्या रॉयल ऑंटारिओ म्युझियममधील अभ्यासक डोरोथी बर्नहॅम यांनी १९७३ मध्ये अनेक देशांच्या पोशाखांचे बेत आखून हेच दाखवून दिले.

कळीदार कुर्त्यावरून ही पद्धत स्पष्ट होते. मधला पट्टा पुढून-मागून एकसंध असतो. तो खांद्यावर दुमडतात, म्हणून खांद्याला शिवण नसते. घेर येतो तो कळ्यांमुळे. समजा ३० इंच लांब व १२ इंच रुंद असा आयत घेतला. वरच्या कडेवर डाव्या कोपऱ्यापासून ३ इंचांवर आणि खालच्या कडेवर उजव्या कोपऱ्यापासून ३ इंचांवर खूण करून दोन्ही खुणा तिरक्या रेषेने जोडल्या व कापल्या, तर दोन तुकडे मिळतात. त्यांपैकी एक फिरवून उलटा धरला की दोन्ही सारखे होतात : वर ३ इंच, खाली ९ इंच. शिवणीची माया यातूनच धरायची असते. कापड थोडेही वाया जात नाही. बुट्टीदार कापडात मात्र एका कळीची नक्षी उलटी पडते. जुना कपडा तपासताना हा पुरावा उपयोगी ठरतो. तिरकी कड ओढली की ताणते, म्हणून ती शक्यतो दुसऱ्या तुकड्याच्या सरळ कडेला जोडतात. अन्यथा घेर खाली लोंबतो.

बगलेतील लहान चौकोनी तुकडा म्हणजे चौबगला. बाही सरळ पट्ट्याची असल्यामुळे हात वर करताच सगळा कपडा वर ओढला जातो. चौबगला तो ताण घेतो. अंगरख्यात छातीवरील उघड्या गळ्याखाली जो आतला तुकडा असतो, त्याला ‘परदा’ म्हणतात. कमरेपर्यंतचा भाग ‘चोली’ आणि त्याखालील भाग ‘घेर’. चौबगला हाताखाली झाकला जातो आणि चित्रकाराला तो बहुधा दाखवता येत नाही. त्यामुळे लघुचित्रावरून केलेली नक्कल बाहेरून बरोबर दिसली तरी अंगावर बसत नाही.

लिखित साधनांत अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’चे महत्त्व मोठे आहे. ‘तकौचिया’ या बिनअस्तरी अंगरख्याविषयी तेथे नोंद आहे, की पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत व तो डावीकडे बांधला जाई. अकबराने घेर गोल करून उजवीकडे बांधण्याचा हुकूम दिला. त्यासाठी ७ गज ७ गिरह कापड आणि बंदांसाठी ५ गिरह लागत. गिरह म्हणजे गजाचा सोळावा भाग. साध्या शिलाईची मजुरी १ ते ३ रुपये होती. त्या काळच्या चित्रांत साधारणपणे मुस्लिम पुरुषांचे बंद उजवीकडे व हिंदूंचे डावीकडे दिसतात. बंद कोणत्या बाजूला लावायचे, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

याच ग्रंथानुसार अकबराने कपड्यांना नवी देशी नावे दिली : जाम्याला ‘सर्बगाती’, पटक्याला ‘कटजेब’. ती नावे रुळली नाहीत. उलट शिंप्याच्या तोंडचे फारसी शब्द मराठीत घर करून राहिले. पन्हा, अस्तर, अस्तनी, बंद, नेफा, बगल, पायजमा हे शब्द मराठी घरांत कोणालाही परके वाटत नाहीत. आणि फारसीतून आलेला जामा व देशी नावाचा अंगरखा एकाच शिंप्याच्या हातून बेतले गेले.

अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात जुने पोशाख जपले आहेत. पण बहुतेक शिंप्यांनी आपली विद्या कागदावर उतरवली नाही; ती हातात आणि शब्दांत राहिली. ज्या शब्दाला आज तुकडा उरला नाही, तो शब्दही लवकरच जातो. हैदराबाद, बडोदा, बेळगाव अशा ठिकाणी जुन्या पेठांतील वयोवृद्ध कारागिरांकडून प्रत्येक तुकड्याचे नाव, त्याचे माप व जोडण्याचा क्रम लिहून घेणे हे भाषेच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे काम आहे. सोबत जुन्या मलमलीच्या तुकड्यावर एक कळी आणि एक चौबगला शिवून ठेवावा. नुसत्या व्याख्येपेक्षा तो नमुना पुढच्या पिढीला अधिक सांगेल.