कुस्तीचा टीआरपी: आकडा कुठला, मोजला कुणी?

मंगळवारी सकाळी विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूईचा ‘रॉ’ चालू असतो. अमेरिकेत सोमवारी रात्री आठला सुरू होणारा हा कार्यक्रम तिथल्या घड्याळाप्रमाणे आपल्याकडे पहाटे साडेपाचला किंवा साडेसहाला लागतो, म्हणजे नेमका विरार-नालासोपाऱ्याचे प्लॅटफॉर्म भरायच्या वेळेला. नायगाव येईपर्यंत चर्चा सुरू होते: ‘रॉचा टीआरपी पार कोसळला, आता काही खरं नाही.’ व्हिडिओंतून ऐकलेले आकडेही तोंडपाठ असतात. या चर्चेत कुस्तीची जाण भरपूर असते, पण आकडे मात्र बहुतेक वेळा चुकीच्या जागेचे असतात.

‘भारतात डब्ल्यूडब्ल्यूईचा टीआरपी पडला’

सध्या तो पडूही शकत नाही आणि चढूही शकत नाही, कारण मोजलाच जात नाही. 2002 मध्ये टेन स्पोर्ट्स वाहिनी सुरू झाली आणि या कुस्तीने आपल्याकडच्या केबलवर घट्ट बस्तान बसवलं. पुढे ती वाहिनी सोनीकडे गेली, तिच्याबरोबर कुस्तीही गेली. 1 एप्रिल 2025 पासून मात्र डब्ल्यूडब्ल्यूई भारतात नेटफ्लिक्सवर आली. टीआरपी म्हणून आपण जे ओळखतो ते बार्क ही संस्था मोजते, आणि ती मोजते टीव्ही वाहिन्या. नेटफ्लिक्स त्यात येत नाही. लोकलमधला मोबाईल तर मुळीच नाही.

नेटफ्लिक्स स्वतःची साप्ताहिक यादी जाहीर करतं. त्यातले ‘व्ह्यूज’ म्हणजे पाहिलेले एकूण तास भागिले कार्यक्रमाची लांबी. दहा जणांनी शेवटपर्यंत पाहिलं काय आणि वीस जणांनी अर्धंच पाहिलं काय, उत्तर सारखंच येतं. हा आकडा वाईट नाही, पण तो सोनीच्या काळातल्या टीआरपीशेजारी ठेवून ‘वाढलं’ किंवा ‘घटलं’ म्हणणं निव्वळ चूक आहे. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी.

‘0.3 रेटिंग म्हणजे कुणी बघतच नाही’

व्हिडिओंत सांगितले जाणारे हे दशांशातले आकडे अमेरिकेचे असतात. तिथे नील्सन कंपनी मोजणी करते आणि जाहिरातदारांना मुख्यतः 18 ते 49 वयोगटात रस असतो. 0.3 म्हणजे त्या वयोगटातल्या अमेरिकी लोकांपैकी 0.3 टक्के. नालासोपाऱ्यात किती जणांनी पाहिलं, याच्याशी त्याचा सुतराम संबंध नाही. शिवाय हे सगळ्या वयांचं मिळून रेटिंगही नव्हे. डब्ल्यूडब्ल्यूईची प्रतिस्पर्धी कंपनी एईडब्ल्यू हिचा ‘डायनामाइट’ हा बुधवारचा कार्यक्रम ऑक्टोबर 2019 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून दोन्ही बाजूंचे चाहते या दशांशांवरून भांडतात. त्यात एक जण एकूण प्रेक्षक सांगतो, दुसरा वयोगटाचे टक्के सांगतो, आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं.

‘आमच्याकडे कधी मीटर लागलं नाही, म्हणजे सगळं बोगस’

वसई-विरारमध्ये हे वाक्य फार ऐकू येतं, आणि त्यातली तक्रार मला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. केंद्र सरकारने 2025 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार देशात टीव्ही असलेली सुमारे 23 कोटी घरं आणि टीआरपी मोजणारी सुमारे 58,000 मीटर आहेत. म्हणजे साधारण 4,000 घरांमागे एक. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहर 12 लाखांवर होतं. घरटी चार माणसं धरली तर तीन लाख घरं, आणि देशाच्या सरासरीने त्यांच्या वाट्याला 75 च्या आसपास मीटर. प्रत्यक्षात वाटप असं सरळ भागाकाराने होत नाही, पण तुमच्या सोसायटीत मीटर नसण्याचं कारण समजायला एवढा हिशेब पुरे.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. नमुना नीट निवडला असेल तर मोठ्या मालिकेचा किंवा क्रिकेट सामन्याचा अंदाज थोड्या घरांवरूनही बरा येतो. अडचण येते ती छोट्या प्रेक्षकवर्गाची. एखादा कार्यक्रम नमुन्यातल्या मोजक्याच घरांत बघितला जात असेल, तर त्यातली चार पोरं परीक्षेला बसली म्हणूनही आकडा हलतो. केबलवरच्या कुस्तीचं बरंचसं असंच होतं. त्यामुळे एका आठवड्याच्या घसरणीवरून निष्कर्ष काढायचा नाही, चार-सहा महिन्यांचा कल बघायचा.

आणखी एक समजूत अशी की केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स आपण काय बघतो ते परस्पर कळवतो आणि त्यावरून टीआरपी ठरतो. तसं नाही. वाहिनी आपल्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळते आणि नमुन्यातल्या घरातलं मीटर ती ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं बटण असतं. टीव्हीसमोर बसलं की ते दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. आजोबांच्या बटणावर नातू कुस्ती बघत बसला, तर कागदोपत्री कुस्ती आजोबांनी पाहिली.

ही घरं गुप्त ठेवावी लागतात, आणि गुप्तता फुटली की काय होतं ते मुंबईने पाहिलं आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की मीटर असलेल्या काही घरांना ठरावीक वाहिन्या लावून ठेवण्यासाठी पैसे दिले जात होते. बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे तेव्हा थांबले, ते मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. खटला 2024 मध्ये न्यायालयाच्या परवानगीने मागे घेतला गेला, त्यामुळे आरोप सिद्ध झाला असंही म्हणता येणार नाही.

‘कुस्ती नुरा, म्हणून आकडेही नुरा’

निकाल ठरलेला असतो, हे आता गुपित नाही. 1989 मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे या धंद्याच्या मालकांनीच ते करमणूक म्हणून मान्य केलं, कारण खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाचे नियम आणि कर लागू होत होते. पण निकाल ठरवणारे लोक ज्या आकड्यांकडे बघून रात्रीची झोप गमावत होते, ते आकडे ठरलेले नव्हते.

नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफचा (म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा) ‘रॉ’ आणि प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूचा ‘नायट्रो’ सोमवारी एकाच वेळी लागत. 1996 ते 1998 या काळात नायट्रो सलग 83 आठवडे पुढे होता. मग आली 4 जानेवारी 1999 ची रात्र. त्या दिवशीचा रॉ आधीच चित्रित झालेला होता, नायट्रो थेट चालू होता. नायट्रोच्या समालोचकाने वरून आलेल्या आदेशाप्रमाणे सांगून टाकलं की तिकडे मिक फोली आज विजेतेपद जिंकणार आहे, आणि वर टोमणाही मारला. परिणाम उलटा झाला. फोली जिंकताना बघायला काही लाख घरांनी तिथल्या तिथे चॅनेल बदललं. उंच पिंजऱ्यावरून खाली आदळलेला, पडझड सोसत वर आलेला हा माणूस लोकांना आपला वाटत होता. निकाल आधी कळूनही लोक गेले, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं. लोक ‘कोण जिंकणार’ एवढ्यासाठीच बघत नाहीत.

मात्र ‘टीआरपीने डब्ल्यूसीडब्ल्यू संपवली’ हेही अर्धंच खरं. 2001 च्या सुरुवातीला नायट्रोला दोनच्या पुढे रेटिंग मिळत होतं. कंपनी तोट्यात होती हे खरं, पण शेवटचा घाव नव्या मालकांच्या अधिकाऱ्यांनी घातला: आमच्या वाहिन्यांवर कुस्ती नको. वाहिनीच गेल्यावर उरलं ते प्रतिस्पर्ध्याने विकत घेतलं.

‘टीआरपीसाठी आपल्या माणसाला पट्टा देतात’

द ग्रेट खली 2007 मध्ये विजेता झाला, जिंदर महल 2017 मध्ये. महल कॅनडात जन्मलेला. त्याच्या विजयामागे भारताची बाजारपेठ होती, असं समजायला पुरेशी जागा आहे. पण बाजारपेठ म्हणजे टीआरपी नव्हे. प्रक्षेपणाचे करार, वस्तूंची विक्री, दौऱ्याची तिकिटं असं सगळं त्यात येतं. आणि हिशेब तिथेही जमला नाही: डिसेंबर 2017 च्या दिल्ली दौऱ्याच्या महिनाभर आधी त्याचा पट्टा गेला आणि दोन दिवसांचा दौरा एका दिवसावर आला.

‘प्रो रेसलिंग म्हणजे सगळं एकच’

2015 ची पहिली प्रो रेसलिंग लीग मुंबई गरुड संघाने जिंकली. ती खरी, गुणांवर चालणारी फ्रीस्टाइल कुस्ती होती. 2012 मध्ये कलर्सवर आलेलं ‘रिंग का किंग’ पुण्याच्या बालेवाडीत चित्रित झालं, ते मात्र संहितेवर चालणारं. 2018 मध्ये त्याच बालेवाडीत झालेली झी टॉकीजची कुस्ती दंगल पुन्हा खरी. आणि टीव्हीच्या आधीही कुस्तीला प्रेक्षक होतेच: दारा सिंग आणि लू थेज यांची मुंबईतली लढत 1968 ची, आणि मुंबईत दूरदर्शन आलं 1972 मध्ये. त्या काळी प्रेक्षक मोजायचे ते तिकीट खिडकीवर.

मातीतल्या कुस्तीला टीव्हीवर आकडा नाही म्हणून तिला प्रेक्षक नाहीत, असं वाहिन्यांच्या कचेऱ्यांत बसून ठरवणं म्हणूनच चुकीचं आहे. जत्रेच्या फडाभोवती उभा असलेला माणूस कुठल्याच मीटरमध्ये येत नाही, आणि त्याच लढतीची तीस सेकंदांची क्लिप मोबाईलवर बघणाराही बार्कच्या हिशेबात येत नाही. मराठी वाहिनीवर कुस्ती लागली, तर ती तिथे, टीव्हीवर, बघणाऱ्या घरांचाच आकडा वाहिनीच्या टेबलावर जातो. पुढच्या हंगामाला वेळ आणि पैसा द्यायचा की नाही, हे ठरवताना समोर तोच कागद असतो.