न्यायनिवाडा यंत्राने करावा काय?

२७ ऑगस्ट १९८१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत सुरू झाले आणि दाद मागण्यासाठी मुंबई गाठण्याचा मराठवाड्यातील पक्षकाराचा खर्च वाचला. कायदा आपल्या बाजूने आहे की नाही, एवढे जाणून घेण्याचा खर्च मात्र त्याच्या माथी कायम राहिला. तो संगणकाच्या साह्याने कमी होईल काय, हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला नाही.

लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातील संशोधकांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्वविषयक कायदा संगणकाच्या तर्कभाषेत मांडून १९८६ साली प्रसिद्ध केला. ‘अमुक अटी पुऱ्या असतील तर तमुक हक्क प्राप्त होतो’ अशा नियमांच्या साखळीतून अशी तज्ज्ञ-प्रणाली निष्कर्ष काढते आणि तो कोणत्या नियमावरून निघाला हेही सांगते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांची घडण बरीचशी अशीच आहे. अर्हताकारी सेवा किती, सेवेतील खंड क्षमापित झाला की नाही, हे निश्चित झाले की पुढे उरतो तो मुख्यतः हिशेब.

तथापि सगळा कायदा हिशेबात मावत नाही. मराठवाड्याच्या १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्यात जमीन ‘जातीने कसणे’ यास मोठे महत्त्व आहे. मजुरांकरवी, परंतु स्वतःच्या देखरेखीखाली केलेली शेतीही त्यात बसू शकते. मग शहरात राहणाऱ्या मालकाची देखरेख खरी की कागदोपत्री, हे साक्षीपुरावा तोलून माणसानेच ठरवावयाचे असते.

अलीकडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा धोका याहून निराळा. ती सफाईदार उत्तर देते, पण त्याचा आधार खरा असेलच असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधारास घेतलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुरविलेले दाखले पडताळल्याविना वापरू नयेत, अशी समज न्यायालयाने दिली. केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्ये धोरण आखून जिल्हा न्यायालयांना निष्कर्ष वा निकाल अशा साधनांवर सोपविण्यास मनाई केली.

म्हणून विवेक एवढाच करावयाचा: जेथे नियम स्पष्ट आहेत तेथे, निवृत्तिवेतनासारख्या बाबतीत, कारणे दाखविणारी प्रणाली शासनाने प्रत्येक कर्मचाऱ्यास विनामूल्य खुली करावी. आदेशाखाली सही मात्र उत्तरदायी अधिकाऱ्याचीच हवी. यंत्राच्या चुकीचा जाब यंत्रास विचारता येत नाही. आणि जेथे जाब विचारता येत नाही, तेथे निकाल मिळेल, न्याय मिळणार नाही.