फलक वाचता आला पाहिजे

तळोजे, पाताळगंगा, रोहे, महाड, लोटे-परशुराम अशा कोकणपट्टीतील रसायनांच्या वसाहतींतून निघून घाट चढत देशावर येणाऱ्या टँकरांच्या पोटात काय भरले आहे, हे रस्त्यावरच्या माणसाला नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. दुधाचा टँकर आणि आम्लाचा टँकर बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसतात, आणि दोहोंतील अंतर सांगणारा एकच साक्षीदार त्या वाहनाच्या अंगावर असतो, तो म्हणजे त्याच्या दोन्ही कुशींवर आणि पाठीवर लावलेला संकटसूचक फलक. हा फलक लावला जावा यासाठी कायदेकर्त्यांनी पुष्कळ विचार केला आहे. लावलेला फलक वाचता येण्याजोगा राहावा, याविषयी मात्र आपल्याकडे फारशी आस्था दिसत नाही.

या फलकामागे एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९५३ साली धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९५६ साली तिच्या पहिल्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. त्यांतून घडत गेलेल्या पद्धतीत अशा मालाचे नऊ वर्ग पडले आणि पदार्थांना चार अंकी क्रमांक मिळाले: पेट्रोलला १२०३, क्लोरीनला १०१७, अमोनियाला १००५, सल्फ्युरिक आम्लाला १८३०. ज्वालाग्राही द्रवासाठी लाल, ओले होताच घातक ठरणाऱ्या पदार्थासाठी निळा, प्राणवायू पुरवून आग भडकवणाऱ्यासाठी पिवळा, असे रंग मुकर्रर झाले. भाषा कोणतीही असो, चालक कोणत्याही मुलखाचा असो, रंग, चित्र आणि अंक यांनीच धोक्याचे स्वरूप कळावे, हा त्यामागचा हेतू होय.

आपल्या देशात १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२९ ते १३७ हे नियम या विषयाला वाहिलेले आहेत. त्यांतील १३४ क्रमांकाचा नियम सांगतो, की वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक असावा. त्यावर पदार्थाचे नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, त्याचा क्रमांक किमान १०० मिलिमीटर उंचीच्या अंकांत, वर्गचिन्ह किमान २५० मिलिमीटरच्या चौरसात आणि संकटकाळी संपर्क साधण्याचे दूरध्वनी क्रमांक असावेत. आणि हे सारे सर्वकाळ स्वच्छ व आडोशाविना राहावे. हे शेवटचे कलम लहान आहे, पण बाकीच्या सर्व कलमांचे सार्थक त्याच्यावर अवलंबून आहे.

ते का, हे समजण्यासाठी अपघाताचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. मालाची लेखी माहिती चालकाने आपल्या केबिनमध्ये बाळगावी असा नियम आहे, आणि वाहतूकदारांच्या बोलीत ‘ट्रेम कार्ड’ म्हणतात ते कार्ड तेथे असतेही. परंतु टँकर उलटला, केबिन चेपली, चालक बेशुद्ध पडला, तर हा दस्तऐवज कोणाच्या हाती लागणार? १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे गावाजवळच्या पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, तेव्हा जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर कोसळले आणि तेथून जाणाऱ्यांवर मृत्यूने घाला घातला. अशा वेळी धावून येणाऱ्या अग्निशामक जवानाला निर्णय दुरूनच, आणि क्षणार्धात घ्यावा लागतो. पेट्रोलच्या टँकरवर ‘३वायई’ अशी जी खूण असते, तिच्यातील तीनचा अंक फेसाने विझवा असे सांगतो. पुढचे अक्षर श्वसनयंत्र चढवा आणि सांडलेला द्रव गटारात जाऊ न देता अडवा असे बजावते. आणि शेवटचे अक्षर परिसर रिकामा करण्याचा विचार करा असे सुचवते. एवढा मोठा उपदेश तीन चिन्हांत सामावलेला असताना त्यांतील एक चिन्ह चिखलाने झाकले गेले, तर पाणी मारावे की मारू नये, हाच प्रश्न अनुत्तरित राहतो.

पावसाळ्यात घाट उतरून आलेल्या टँकरची पाठ जवळून न्याहाळावी, म्हणजे हयगय कशी साचत जाते हे दिसते. चाकांनी उडवलेला तांबडा राडा खालच्या अंकांवर वाळून बसलेला असतो. शिडीची दांडी वर्गचिन्हाच्या मधोमध आडवी येते. ताडपत्रीची सैल कड दूरध्वनी क्रमांकावर लोंबते. भरताना सांडलेल्या मालाचे ओघळ रंग खाऊन टाकतात. आणि उन्हाने विटलेला लाल चौकोन फिकट गुलाबी होऊन बसतो. याउलट दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली काळी चप्पल आणि सुबक अक्षरांतील मालकाचे नाव बहुधा झळझळीत असते, कारण त्यांची निगा राखणारा कोणीतरी असतो.

अमेरिकेच्या वाहतूक नियमांत हे धोके नावानिशी नोंदवले आहेत: फलक शिडी, नळ, दरवाजे आणि ताडपत्री यांच्यापासून मोकळा असावा, लक्ष वेधून घेणाऱ्या जाहिरातीसारख्या मजकुरापासून किमान तीन इंच दूर असावा, चाकांचे पाणी व चिखल त्यावर उडणार नाही अशा जागी असावा, आणि मळाने वा झिजेने त्याची वाचनीयता घटू नये ही जबाबदारी वाहतूकदाराची. टाकी रिकामी झाली तरी आतील अवशेष धुऊन ती निर्धोक होईपर्यंत फलक काढू नये, असेही तेथे बंधन आहे. कारण रिकाम्या टाकीत उरलेली वाफही पेट घेऊ शकते. याचीच दुसरी बाजू अशी, की आज आम्ल आणि उद्या दुसरेच काही नेणाऱ्या टँकरवर कालचा फलक राहिला, तर तो मळलेल्या फलकाहूनही घातक. न वाचता येणारा फलक माणसाला सावध तरी करतो, खोटा फलक त्याला निःशंकपणे चुकीच्या मार्गाने नेतो.

आपल्याकडे धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाची अट आहे, माल पाठवणारा आणि वाहनमालक यांची कर्तव्येही स्वतंत्र नियमांत सांगितलेली आहेत. तथापि, फलक प्रत्यक्ष पुसायचा कोणी, हे गावोगावच्या वाहतूक व्यवहारात ठरलेले नसते. म्हणून कारखान्याच्या फाटकातच ही तजवीज व्हावी: माल भरल्यावर कोणा एकाने तिन्ही फलक पुसावेत, काही पावले मागे सरकून ते मोठ्याने वाचावेत, बिल्टीवरील नावाशी व क्रमांकाशी ताडून पाहावेत आणि मगच वाहन सोडावे, पावसाळ्यात हेच काम वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर क्लीनरने करावे, आणि तपासणी नाक्यावर कागदांइतकेच लक्ष फलकाकडेही दिले जावे. याला लागते एक बादली पाणी, एक फडके आणि चार-पाच मिनिटे. अनोळखी माणसांच्या जिवासाठी कायद्याने जे लिहून ठेवायला लावले, ते त्यांना वाचता येईल असे ठेवणे हाही कायद्याचाच भाग आहे, आणि त्यात कसूर करणाऱ्याने फलक लावलाच नाही असे मानले जावे.