ऑनर्स म्हणजे आठ पेपर, आणि आणखी काय?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच पालकांचे निरोप आले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता. मुलाला किंवा मुलीला पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीला घालायचं आहे, तर त्यात ‘ऑनर्स’ घ्यावं का? एका गृहस्थांनी तर सरळ विचारलं, ‘सर, पत्रिकेवर छापायला बरं दिसतं, पण त्याचा उपयोग काय?’ प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

आधीच सांगतो, मी वकील नाही. माझा विषय तत्त्वज्ञान. पण कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिली दोनेक वर्षं भाषा आणि सामाजिक शास्त्रं असतात. तिथे तर्कशास्त्र शिकवायला कोणीतरी लागतं, आणि ते काम अनेक वर्षं माझ्याकडे होतं. पुढे न्यायशास्त्राचा तासही माझ्याच गळ्यात पडला. त्यामुळे कोर्टाची पायरी मी कमी चढलो असलो, तरी वकील होऊ घातलेली मुलं भरपूर पाहिली आहेत.

नियम काय म्हणतात ते आधी उरकून घेऊ. कायद्याचं शिक्षण कसं असावं हे बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते आणि तिची सध्याची नियमावली २००८ सालची आहे. तीत सक्तीचे २० पेपर आहेत: करार, अपकृत्य, घटना, गुन्हेगारी कायदा, पुरावा, दिवाणी प्रक्रिया वगैरे. त्याशिवाय प्रात्यक्षिकाचे चार आणि ऐच्छिक सहा. एवढं पूर्ण केलं की साधी पदवी मिळते. ऑनर्ससाठी त्यावर आणखी आठ पेपर करायचे. त्यांचे गट ठरलेले आहेत: घटनात्मक कायदा, व्यापारी कायदा, आंतरराष्ट्रीय व्यापार, गुन्हेगारी आणि गुन्हेशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा, बौद्धिक संपदा, आणि कायदा व शेती.

हा शेवटचा गट ऐकून मुलं हसतात. मी पाहिलेल्या एकाही महाविद्यालयात तो चालवला जात नव्हता. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टांत बांधाचे, वाटपाचे, वहिवाटीचे किती दावे पडून असतात, हे कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात अर्धा दिवस बसलात तरी कळेल. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कूळ जमिनीचं मालक झालं असं मानण्याची तरतूद मुंबई कूळवहिवाट कायद्यात आहे, आणि तिच्यातून निघालेले वाद नातवंडांपर्यंत पोचले आहेत. तरी मुलं बौद्धिक संपदा घेतात. त्यांना दोष देत नाही. काम कुठे आणि पैसा कुठे, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट कळतं.

आता व्यावहारिक भाग. सनद मिळवण्यासाठी ऑनर्स लागत नाही. १९६१ चा अॅडव्होकेट्स अॅक्ट मान्यताप्राप्त कायद्याची पदवी मागतो, ती ऑनर्स आहे की साधी हे विचारत नाही. बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा दोघांना सारखीच. नोंदणीची फीही सारखीच. ही फी कायद्यात ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे, आणि त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली बजावलं. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तरावरच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. तिथेही ऑनर्सवाल्याला सूट नाही. आणि नावाचंच म्हणाल, तर ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या मुलाला मिळणारी पदवी ‘बी.ए. इन ज्युरिस्प्रुडन्स’ असते. त्यावरून त्याला कोणी कमी लेखत नाही.

मग पत्रिकेखेरीज उपयोग काय? तिकडेच येतोय. त्यासाठी तुम्हाला अकोल्याला नेतो.

अकोल्यात विड्याच्या पानांचे एक व्यापारी होते. तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४७ चा विक्रीकर कायदा लागू होता. त्याच्या परिशिष्टात करातून माफ असलेल्या मालाची यादी होती. यादीत ‘व्हेजिटेबल्स’, म्हणजे भाजीपाला, एका क्रमांकावर होता आणि विड्याची पानं वेगळ्या क्रमांकावर. पुढे दुरुस्ती करून पानांची नोंद काढून टाकली. विक्रीकर अधिकाऱ्याने कर लावला. व्यापाऱ्याचं म्हणणं पडलं, नोंद काढली तर काढली, पान ही वनस्पतीच आहे, म्हणजे भाजीपाल्यातच येते, म्हणून माफ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६१ साली निकाल लागला की विड्याचं पान भाजी नव्हे. कर भरा.

निकाल अगदी छोटा आहे. साध्या अभ्यासक्रमात मुलं त्याचं एक वाक्य पाठ करतात: कायद्यात व्याख्या न केलेल्या रोजच्या शब्दाचा अर्थ शास्त्रीय नव्हे, तर लोकव्यवहारातला घ्यावा. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात. मी तर्कशास्त्राचा माणूस, मला तिथे थांबता येईना.

कोर्टाने दोन आधार घेतले. पहिला असा: भाजीपाला आणि पानं यांच्या नोंदी वेगळ्या होत्या, म्हणजे विधिमंडळाच्या मते पानं भाजीत येत नव्हती. हे अनुमान नीट तपासा. दोन नोंदी वेगळ्या असल्या की दोन वस्तू वेगळ्याच, असं ठरतं का? कायदा लिहिणारा माणूस कधी कधी नुसती शंका नको म्हणून वेगळी नोंद करतो. तुम्ही किराण्याच्या यादीत ‘डाळी’ लिहून खाली ‘मूगडाळ’ पुन्हा लिहिता. म्हणून मूगडाळ डाळ नाही, असं दुकानदार म्हणत नाही. तेव्हा हे अनुमान सक्तीचं नाही. पण नोंद नुसती वेगळी नव्हती, ती मुद्दाम काढली गेली. पानं भाजीत मोडत असती तर ती काढून काहीच साधलं नसतं, कर लागलाच नसता. विधिमंडळ निरर्थक खटाटोप करत नाही, असं गृहीत धरावं लागतं. हे गृहीतक आहे, सिद्ध केलेलं सत्य नव्हे. मग ते का धरायचं? कोर्टाने ते सोडलं तर काय बिघडतं? इथे वर्ग जागा होतो.

दुसरा आधार लोकव्यवहाराचा. वनस्पतिशास्त्र काय म्हणतं ते बाजूला ठेवा; परसात पिकतं आणि जेवणाच्या पानात वाढतात ती भाजी. ठीक. मंडईत भाजीवालीकडे विड्याची पानं मागितली तर ती पानवाल्याकडे बोट दाखवील, हे आपल्याला पटतं. पण मग कोथिंबीर? आलं? कढीपत्ता तर भाजीवाली बरेचदा फुकटच देते, त्याचं काय करायचं? आणि ‘लोक’ म्हणजे कोण? वऱ्हाडातला शेतकरी, नागपूरचा व्यापारी, की दिल्लीतले न्यायमूर्ती?

पुढे ऊस ‘हिरवी भाजी’ आहे का, हा प्रश्न बिहारमधून आला. उत्तर आलं, नाही. हे पानासारखंच झालं. पण १९६७ चं मध्य प्रदेशातलं प्रकरण पाहा. विक्रीकराच्या यादीत ‘कोल’ असा शब्द होता, त्यावर कमी दराने कर. एक व्यापारी ‘चारकोल’ विकायचा. खाणीतून निघतो तो कोल, लाकूड जाळून होतो तो चारकोल, खनिजशास्त्रात दोन्ही अगदी वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, लोकव्यवहारात कोलमध्ये चारकोल येतो. म्हणजे कसोटी तीच, लोकव्यवहाराची. पण पान आणि ऊस बाहेर राहिले आणि चारकोल आत आला. कसं काय?

हा प्रश्न मी एका वर्षी ऑनर्सच्या वर्गात टाकला. चांगली, इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं होती. अर्धा तास ‘कोल’ आणि ‘चारकोल’ या शब्दांची ओढाताण चालली. कोणी शब्दकोश काढला, कोणी कर सवलतीचा हेतू काय असेल याचे तर्क लढवले. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचं नाव त्या वर्गाच्या हजेरीपटावर नव्हतं. तो साध्या पदवीचा विद्यार्थी होता, तालुक्याच्या गावातून आलेला, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. ऑनर्सचे तास दुपारी असायचे आणि दुपारी तो एका वकिलांकडे टायपिंगला जायचा, म्हणून त्याने ऑनर्स घेतलं नव्हतं. ज्या दिवशी वकील बाहेरगावी असत, त्या दिवशी येऊन बसायचा. तो बिचकत म्हणाला, ‘सर, आमच्याकडे दोन्हीला कोळसाच म्हणतात. एक दगडी, एक लोणारी.’

वर्ग शांत झाला. त्याने प्रश्न सोडवला होता असं मी म्हणणार नाही, पण प्रश्न कुठे आहे हे दाखवलं होतं. इंग्रजीत दोन शब्द असल्यामुळे दोन वस्तू वाटत होत्या. मराठीत वा हिंदीत शब्द एकच, पुढे विशेषण लावायचं. इंग्रजीत ‘व्हेजिटेबल’ म्हणजे वनस्पतीही आणि भाजीही, म्हणून पानवाल्या व्यापाऱ्याला युक्तिवादाला जागा मिळाली. ‘भाजी’ असा शब्द कायद्यात असता तर तो युक्तिवाद सुचलाही नसता. कायदा इंग्रजीत लिहायचा आणि लोकव्यवहार मराठी-हिंदीत शोधायचा, म्हणजे न्यायाधीश दर वेळी मनातल्या मनात भाषांतर करतो, आणि निकालपत्रात ते भाषांतर दिसत नाही. नंतर तीन आठवडे आम्ही त्या एका मुद्द्यावर होतो. पाठ्यक्रम मागे पडला, त्याबद्दल मला बोलणीही खावी लागली.

तर ऑनर्सचा उपयोग हा आहे. आठ पेपरांत नवी कलमं फारशी नसतात. सक्तीच्या पेपरात निकालाचं वाक्य मिळतं. इथे ते वाक्य तिथे कशाच्या बळावर उभं आहे, हे उकलायला वेळ मिळतो. निदान मिळायला हवा. नुसतं ‘सर्वोच्च न्यायालयाने असं म्हटलंय’ सांगणाऱ्या वकिलाला समोरचा दुसरा निकाल दाखवतो, आणि पानासमोर कोळसा ठेवला की पहिल्याची बोलती बंद होते.

पण मिळायला हवा आणि मिळतो यात फरक आहे. मी ज्या एका महाविद्यालयात काही काळ शिकवलं, तिथे कागदावर तीन गट होते. प्रत्यक्षात एकच चालायचा, कारण तो शिकवणारे एकच प्राध्यापक होते. ते निवृत्त झाले तेव्हा गटही बदलला. मुलांना वाटायचं आपण निवडलं. आठपैकी काही पेपरांत तर मागच्या वर्षीच्या नोट्स आणि पाच प्रश्नांतले तीन सोडवा, एवढाच मामला होता. असं ऑनर्स घेण्यापेक्षा ते तास दिवाणी कोर्टात मागच्या खुर्चीवर काढलेले बरे. पाच वर्षांच्या पदवीत निदान २० आठवडे इंटर्नशिप नियमानेच लागते. ती खरोखर केली तरी पुष्कळ कळतं. प्रमाणपत्रावर सही आणून देणारे काकामामा मात्र घरोघरी असतात.

वेळ संपत आला. दोन चिठ्ठ्या घेतो.

एका ताई विचारतात, ‘मुलीला ऑनर्स घ्यायला लावू का?’ लावू नका. तिच्याबरोबर महाविद्यालयात जा आणि तीन गोष्टी विचारा. यंदा कोणते गट खरोखर चालू आहेत? ते कोण शिकवतं? आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध वाचायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नावर कार्यालयात शोधाशोध सुरू झाली, तर ऑनर्सचा विचार सोडा. साध्या पदवीवर तिचं काही अडणार नाही. निबंध हातात आला तर तो तिला वाचू द्या, तुम्ही वाचू नका. तिला कंटाळा आला तर तेही उत्तरच आहे.

दुसरी चिठ्ठी: ‘तो मागच्या बाकावरचा मुलगा पुढे काय झाला?’ वकील झाला. स्वतःच्याच तालुक्याच्या कोर्टात उभा राहतो. जमिनीचे दावे जास्त. त्याच्या पाटीवर बी.ए. एल्‌एल.बी. एवढंच आहे. गेल्या दिवाळीत फोन आला होता, ‘सर, एका खरेदीखतात ‘पड’ असा शब्द आहे, त्याचे आमच्या गावात दोन अर्थ होतात.’ पाऊण तास आम्ही ‘पड’वर बोललो. दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे.